फ्रिज विकायचा होता, गेले ४३,९९९ रुपये

नाशिकच्या इंदिरानगरमधला संसार आवरायचा होता. मुलीकडे ठाण्याला कायमचं राहायला जायचं ठरलं आणि तिथे दुसऱ्या फ्रिजला जागा नव्हती. म्हणून एका निवृत्त शिक्षिकेने २६० लिटरचा दोन दारांचा फ्रिज जुन्या वस्तूंच्या एका अॅपवर टाकला. चार फोटो, खरेदीचं वर्ष, ‘कंप्रेसर उत्तम, आवाज नाही’, किंमत ११,००० रुपये. रविवार, सकाळचे ८:४०. पुढच्या दोन तासांत त्यांच्या खात्यातून ४४,००१ रुपये बाहेर गेले आणि २ रुपये आत आले. फ्रिज स्वयंपाकघरात जिथल्या तिथे होता.

हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. विक्रेत्यांच्या तक्रारींमध्ये जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो एका माणसाच्या एका सकाळीत बसवला आहे. वेळा आणि रकमा आम्ही घातल्या आहेत. पद्धत मात्र जशी चालते तशीच ठेवली आहे. बाई अडाणी नव्हत्या, हेही आधीच सांगायला हवं. वीजबिल, गॅस, दूधवाला, सगळं त्या यूपीआयवर भागवत. ‘पैसे घेताना पिन लागत नाही’ हे वाक्य त्यांनी बँकेच्या मेसेजमध्ये कितीदा तरी वाचलं होतं. ते ठाऊक असूनही पैसे गेले, म्हणून हे प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे.

८:४० ते १०:००: गिऱ्हाईक

पहिला मेसेज ९:०५ ला आला, हिंदीत. फ्रिज आहे का, शेवटची किंमत काय. बाईंनी ११,००० म्हटलं आणि समोरच्याने लगेच ‘डन’ लिहिलं. घासाघीस केली नाही. किती जुना, दाराचं रबर कसं आहे, गॅस भरलाय का, बघायला कधी येऊ, यातलं काहीही विचारलं नाही. जुना फ्रिज घेणारा खरा माणूस आधी दार उघडून रबरावर बोट फिरवतो. न बघता, न भाव करता ‘डन’ म्हणणारा माणूस फ्रिजसाठी आलेला नसतो. या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात लवकर दिसणारी खूण आहे आणि ती पैशाचा विषय निघायच्या आधीच दिसते.

९:२० ला फोन आला. ‘मॅडम, मैं आर्मी से बोल रहा हूँ. देवलाली कॅम्प में पोस्टिंग हुई है, फॅमिली अगले हफ्ते आ रही है.’ नाशिककराला हे सहज पटतं. देवळालीला तोफखान्याचं मोठं ठाणं आहे आणि बदली होऊन येणारी कुटुंबं सामान शोधत असतातच. पुण्यातल्या विक्रेत्याला हेच ‘खडकी’ किंवा ‘देहू रोड’ म्हणून सांगितलं जातं. गावाजवळचं लष्करी ठिकाण जाहिरातीतल्या पत्त्यावरून ठरवलं जातं.

मग व्हॉट्सअॅपवर तीन फोटो आले: गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड. असे फोटो बहुतेकदा कुणा खऱ्या जवानाचे असतात, कुठून तरी उचललेले. त्या जवानाला याची कल्पनाही नसते. ओळखपत्राचा फोटो हा काही पुरावा नव्हे. पण वर्दीचा मान मराठी घरात मोठा असतो, आणि फौजीवर संशय घ्यायचा तर बाईंना स्वतःलाच अपराधी वाटलं. त्यानेही त्यांच्याकडे ‘गेट पास के लिए’ आधारचा फोटो मागितला. बाईंनी तो पाठवला. याकडे नंतर परत येऊ.

‘मैं ड्यूटी पर हूँ, गाडी आकर ले जाएगी, पेमेंट अभी कर देता हूँ.’ बघायला कुणी येणार नाही, न्यायला दुसरंच कुणी येणार आणि पैसे मात्र आत्ताच देणार, असं हे ठरलं.

१०:०२: एक रुपया

फसवणुकीचा सगळा भार या एका रुपयावर उभा आहे.

तो म्हणाला, आर्मीचं खातं ‘मर्चंट’ प्रकारचं असतं, त्यातून थेट नंबरवर पैसे जात नाहीत. मी क्यूआर पाठवतो, तुम्ही तो स्कॅन करा, तुमच्याकडे पैसे येतील. विश्वास नसेल तर आधी एका रुपयाने बघू. तुम्ही एक पाठवा, तुम्हाला दोन येतील.

बाईंनी एका रुपयाचा क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, एक रुपया गेला. दहा-बारा सेकंदांत दोन रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. तो मेसेज खरा होता, पैसेही खरे होते. त्याने आपल्या फोनवरून वेगळा व्यवहार करून दोन रुपये पाठवले होते, नेहमीच्या पद्धतीने, बाईंच्या नंबरवर. बाईंच्या यादीत आता दोन ओळी होत्या. एक डेबिट, एक क्रेडिट, दोन्हींचे बारा अंकी व्यवहार क्रमांक वेगळे. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्या दोन ओळी एकापाठोपाठ आल्या म्हणून डोळ्यांना ती एकच साखळी दिसली: स्कॅन केलं, पिन टाकला, पैसे आले.

‘पैसे घेताना पिन लागत नाही’ हे ऐकलेलं ज्ञान होतं. हा मात्र हाताने केलेला, डोळ्यांनी बघितलेला प्रयोग होता. अशा प्रयोगापुढे ऐकलेलं टिकत नाही. म्हणून ते वाक्य पाठ असूनही माणसं अडकतात. आम्हाला विचाराल तर विक्रेत्याने दुसरा नियम लक्षात ठेवावा, कारण त्याला पिनच्या पानापर्यंत पोचायची गरज पडत नाही: विकणाऱ्याने स्कॅन करायचंच नाही. विकणारा आपला क्यूआर दाखवतो आणि घेणारा स्कॅन करतो. भाजीवाला, रिक्षावाला, पानटपरी, सगळीकडे हेच दिसतं. ज्याला पैसे मिळायचेत त्याच्या हातात गिऱ्हाइकाचा क्यूआर कधीच नसतो.

१०:०६ ते १०:२१: तीन स्कॅन

पुढचा क्यूआर ११,००० चा होता. तो त्याने बाईंच्या दुसऱ्या नंबरवर, म्हणजे घरातल्या जुन्या टॅबवर मागवायला लावला आणि फोनने त्यावरून स्कॅन करायला सांगितलं. त्यामागेही हिशोब असतो. आलेलं चित्र त्याच फोनच्या गॅलरीतून उचललं तर मोठ्या रकमेला अॅप अडवू शकतं. कॅमेऱ्याने केलेलं स्कॅन दुकानातल्या स्कॅनसारखंच दिसतं.

क्यूआर म्हणजे काय, हे इथे समजून घेतलं तर पुढचं सोपं होतं. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत एक ओळ लिहिलेली असते: पैसे कोणत्या यूपीआय पत्त्यावर जायचे, घेणाऱ्याचं नाव काय, रक्कम किती, आणि एक मोकळी टीप. क्यूआर बनवणारा टीपेत हवं ते लिहू शकतो. या क्यूआरच्या टीपेत ‘रिसीव्ह ११,००० फ्रॉम आर्मी’ असं लिहिलेलं होतं. बाईंनी तेच वाचलं. टीप हा शेरा असतो. व्यवहार कोणत्या दिशेने जाणार, याच्याशी तिचा काही संबंध नाही. पैसे देण्याच्या क्यूआरने पैसे दिलेच जातात, टीपेत काहीही असो.

पिनच्या पानावर त्या पाच सेकंद थांबल्या असत्या तर तीन गोष्टी दिसल्या असत्या. वर त्यांच्या स्वतःच्या बँकेचं नाव होतं, म्हणजे पैसे तिथून निघणार. खाली रक्कम. आणि पैसे ज्याला जाणार त्याचं नाव. हे नाव आता क्यूआर बनवणाऱ्याच्या मर्जीचं राहिलेलं नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या सूचनेनुसार २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआय अॅपनी पैसे पाठवण्याआधी बँकेत नोंदलेलंच नाव दाखवायचं आहे. ओळखपत्रावरचं नाव एक आणि इथलं नाव दुसरंच होतं. बाईंनी ते विचारलंसुद्धा. उत्तर तयार होतं: ‘वो हमारे अकाउंट सेक्शन का नाम है.’ जवान स्वतःच्या घरासाठी फ्रिज घेतो तेव्हा पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यातून जातात, तुमच्या-आमच्यासारखेच. फौजेत त्यासाठी वेगळा अकाउंट सेक्शन नसतो.

पिन टाकला. ११,००० गेले.

इथे बाईंची भूमिका बदलली, आणि हे समजून घेतल्याशिवाय पुढचे ३३,००० कसे गेले ते कळत नाही. १०:०६ पर्यंत त्या फ्रिज विकत होत्या. १०:०७ पासून त्या आपले ११,००० परत मिळवत होत्या. समोरचा घाबरल्याचं नाटक करत होता: ‘मॅडम, एंट्री उलटी हो गई. मेरी भी नौकरी का सवाल है. फोन मत काटिए. सेम अमाउंट फिर से स्कॅन कीजिए, दोनों मिलाकर रिफंड आ जाएगा.’ १०:०९ ला आणखी ११,०००. मग ‘अब २२,००० का टोटल डालना पडेगा, सिस्टीम में मॅच होगा तब ४४,००० रिलीज होगा.’ १०:१४ ला २२,०००. प्रत्येक वेळी एक रुपयाच्या प्रयोगाचा दाखला दिला गेला: आधी एकाचे दोन आले होते ना? १०:२१ ला ४४,००० चा क्यूआर आला. तो अडला कारण खात्यात तेवढी शिल्लक नव्हती.

‘फोन मत काटिए’ ही यातली सगळ्यात कामाची सूचना होती, त्याच्या दृष्टीने. फोन चालू असेपर्यंत मेसेज नीट वाचला जात नाही, मुलीला विचारता येत नाही, यादी उघडून डेबिट-क्रेडिट बघता येत नाही. समोरच्याने फोन चालू ठेवायचा आग्रह धरला की फोन ठेवून द्यावा. खरं गिऱ्हाईक दहा मिनिटांनी पुन्हा लावतं.

हाच प्रकार पूर्वी ‘पैशाची विनंती’ पाठवून चालायचा. अॅपवर विनंती यायची, माणूस ‘मान्य’ दाबून पिन टाकायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय यूपीआयवर बंद करण्यात आली. दुकानदार-व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्यांच्या विनंत्या मात्र येऊ शकतात, आणि क्यूआर तर आहेच. एक दार बंद झालं एवढंच.

१०:२६ ते १०:५२: वाया गेलेली सव्वीस मिनिटं

शिल्लक बघितल्यावर बाईंनी फोन ठेवला आणि मुलीला लावला. मुलीला एका वाक्यात कळलं. तोवर इकडे शेजाऱ्यांनी नेटवर अॅपचा ‘कस्टमर केअर’ शोधून नंबर दिला होता. तो नंबरही भामट्यांचाच. पलीकडच्याने ‘रिफंडसाठी’ स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगितलं. मुलगी दुसऱ्या फोनवर होती म्हणून ते थांबलं. असं अॅप टाकलं की तुमचा फोन, त्यावर येणारे ओटीपी आणि तुम्ही दाबत असलेलं सगळं दुसऱ्याला दिसतं. पैसे गेल्यावर पहिल्या तासात होणारी ही दुसरी फसवणूक इतकी सर्रास आहे की ती पहिलीचाच पुढचा भाग समजावी. मदतीचा नंबर शोधयंत्रातून घेऊ नये. तो बँकेच्या कार्डामागून, पासबुकावरून किंवा अॅपच्या आतल्या ‘मदत’ पानावरून घ्यावा.

पहिला फोन खरं तर १९३० लाच हवा होता. ही केंद्रीय गृहमंत्रालयाच्या यंत्रणेची आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची मदतवाहिनी आहे. तिथे नोंद झाली की तक्रार एकाच वेळी तुमच्या बँकेकडे आणि पैसे जिथे गेले त्या बँकेकडे पोचते. त्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर तेवढ्यावर होल्ड लागतो, म्हणजे ते तिथेच अडवून ठेवले जातात. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेकडे तीच नोंद जाते. भामट्यांची बाजूही अशीच साखळीने चालते. पैसे पहिल्या खात्यात क्षणभर थांबतात. ते खातं बहुधा थोड्या कमिशनवर भाड्याने दिलेलं असतं. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात, मग एटीएम. राजस्थान-हरियाणातल्या भरतपूर-मेवात पट्ट्यातल्या टोळ्यांवर पोलिसांनी वारंवार कारवाया केल्या आहेत, तरी खातेदार भलत्याच राज्यातला निघतो तो यामुळे. ही शर्यत मिनिटांची असते.

या प्रकरणात १०:५२ ला १९३० ला फोन लागला. तोवर पहिल्या दोन हप्त्यांचे २२,००० दुसऱ्या बँकेत जाऊन त्यातले २०,००० एटीएममधून निघाले होते. शेवटच्या २२,००० पैकी ५,५०० पुढे गेले होते आणि १६,५०० पहिल्याच खात्यात सापडले, त्यांवर होल्ड लागला. सव्वीस मिनिटं आधी फोन झाला असता तर हा आकडा कदाचित मोठा असता.

१९३० वर विचारतात तेव्हा हाताशी असावं ते असं: ज्या खात्यातून पैसे गेले त्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक (यूटीआर किंवा आरआरएन म्हणतात तो, अॅपमध्ये व्यवहार उघडला की खाली असतो), तारीख-वेळ-रक्कम, समोरच्याचा यूपीआय पत्ता आणि त्याचे फोन नंबर. चार व्यवहार असतील तर चार क्रमांक, एक रुपयाचासुद्धा. त्या एका रुपयावरून खात्याची साखळी जुळवता येते. नोंद झाल्यावर पोचक्रमांक मेसेजने येतो. त्याच्या आधारे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करायची आणि स्क्रीनशॉट जोडायचे.

पुरावा जपताना होणारी चूक म्हणजे रागाने नंबर ब्लॉक करून चॅट पुसून टाकणं. आधी चॅट जसंच्या तसं निर्यात करून मेलवर ठेवावं, क्यूआरची चित्रं, ओळखपत्राचे फोटो, कॉलची यादी, जाहिरातीचं पान, समोरच्याची प्रोफाइल, सगळ्याचे तारीख दिसतील असे स्क्रीनशॉट घ्यावेत. मग ब्लॉक करावं. फोन फॉरमॅट करू नये. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात जाताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन जागेवर असेल तर ते सोपं होतं.

बँक, पोलिस आणि कडू भाग

त्याच दिवशी दुपारी बँकेला लेखी कळवलं गेलं: मेल, आणि सोमवारी शाखेत सही-शिक्क्याची पोच. यूपीआय तात्पुरतं बंद, पिन बदलला.

इथे विक्रेत्यांना जे सांगायला कुणी धजत नाही ते सांगतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी ग्राहकाच्या जबाबदारीची चौकट घालून दिली. सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक आलं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित बोजा. पण हे ‘अनधिकृत’ व्यवहारांसाठी आहे. इथे पिन बाईंनी स्वतः टाकला. बँक म्हणणार की व्यवहार खातेदारानेच अधिकृत केला, आणि तीन दिवसांच्या नियमावर भिस्त ठेवून बसलेला माणूस निराश होणार. फसवून टाकून घेतलेला पिन आणि चोरलेला पिन यांत माणसाच्या नजरेला फरक फारसा दिसत नाही, पण कागदावर तो आहे. म्हणून इथली खरी आशा भरपाईत नसून होल्डमध्ये आहे, आणि ती वेगावर अवलंबून आहे.

तरीही बँकेला लेखी कळवायचंच. कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी त्याच चौकटीनुसार बँकेवर येते. शिवाय बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे बँकेने नोंद झाल्यावर होल्डसाठी किती वेळ लावला, हा मुद्दा मांडता येतो. कळवल्याची वेळ लेखी असेल तरच.

पोलिस ठाण्यात ‘हद्द आमची नाही’ असं कुणी म्हणालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्दीचा विचार न करता माहिती नोंदवून घ्यायची तरतूद केली आहे, हे शांतपणे सांगावं. गुन्हा फसवणुकीचा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, तोतयेगिरीसाठी ३१९, आणि संगणक साधनांनी तोतयेगिरी करून फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

होल्ड लागलेले १६,५०० आपोआप परत येत नाहीत, हे बहुतेकांना महिनाभराने कळतं. त्या रकमेसाठी दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवलं जातं, अर्जदाराकडून हमीपत्र घेतलं जातं आणि आदेश बँकेकडे जातो. अर्जाला जोडायची कागदपत्रं साधी आहेत: तक्रारीचा पोचक्रमांक, व्यवहार दाखवणारा खातेउतारा, आणि कोणत्या बँकेत किती रकमेवर होल्ड आहे याचं पोलिसांकडून मिळालेलं पत्र. हे शेवटचं पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही. मागावं.

आधारचा फोटो गेला होता, त्याचंही निस्तरावं लागलं. आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक केलं. संचारसाथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते तपासलं, आणि ज्या नंबरांवरून फोन आले ते तिथल्याच ‘चक्षू’ सोयीत कळवले. तो फोटो पुढच्या एखाद्या विक्रेत्याला ‘माझी आई’ म्हणून दाखवला जाऊ शकतो, म्हणून त्याची नोंद पोलिस तक्रारीतही असायला हवी.

स्कॅन न करताही जे घडतं

स्कॅन करायचं नाही एवढं पाळलं तरी दोन सापळे उरतात.

एकात समोरचा तुम्हाला पैसे ‘पाठवतो’. ११,००० च्या जागी २१,००० जमा झाल्याचा मेसेज येतो, बँकेसारख्याच भाषेत. मागोमाग रडवेला फोन: एक आकडा चुकला, वरचे दहा हजार परत करा, आईला दवाखान्यात न्यायचंय. मेसेज त्याने स्वतः टाइप केलेला असतो. तो साध्या दहा अंकी नंबरवरून येतो, तर बँकेचा मेसेज इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतो. पण खुणा बघत बसण्यापेक्षा मेसेजवर विसंबूच नये. बँकेचं अॅप उघडावं आणि शिल्लक बघावी. पैसे पोचल्याचं खरं ठिकाण तेवढंच. पैसे भरल्याचा हिरवा टिकमार्क आणि ‘टिंग’ असा आवाज दाखवणारी खोटी अॅपही मिळतात, म्हणून समोरच्याच्या फोनचा स्क्रीन कधीच पुरावा धरू नये. ‘एनईएफटी केलंय, येईल’ म्हणणाऱ्याला सांगावं, येऊ द्या, मग न्या. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी चोवीस तास चालतं. वाट बघणं कुणालाही अवघड नाही. आणि खरोखरच जास्त पैसे आले असतील, तर आपण होऊन परत पाठवू नयेत, बँकेला लेखी कळवावं.

कारण दुसऱ्या सापळ्यात पैसे खरेच असतात, फक्त ते भामट्याचे नसतात. भामटा तुमच्याकडून मोबाइल किंवा सोन्याची वस्तू ‘घेतो’, पण पैसे भरतो तो भलत्याच गावातला तिसरा माणूस, ज्याला वेगळंच काही विकतो म्हणून सांगून तुमचा यूपीआय पत्ता दिलेला असतो. पैसे आले, वस्तू गेली. चार दिवसांनी त्या माणसाने तक्रार केली की साखळीतलं पहिलं खातं तुमचं. होल्ड तुमच्या खात्यावर, पोलिस दुसऱ्या राज्यातले. यावर उपाय एकच आहे आणि तो दारात उभं असतानाच करायचा असतो: पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं नाव एक आहे का बघायचं. वेगळं असेल तर ‘तुमच्याच खात्यातून द्या, नाहीतर रोख’ म्हणायचं, आणि साध्या कागदावर पावती करायची: वस्तू, मॉडेल, मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक, रक्कम, व्यवहार क्रमांक, दोघांच्या सह्या. ही पावती असेल तर होल्ड काढण्यासाठी बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला दाखवायला काहीतरी असतं.

सतत विकणाऱ्यांनी, म्हणजे घर रिकामं करणाऱ्यांनीही, या कामापुरतं कमी शिलकीचं वेगळं खातं यूपीआयला जोडावं आणि त्याची दिवसाची मर्यादा कमी करून घ्यावी. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला एक लाखापर्यंत असते. बाईंचं पेन्शन ज्या खात्यात येत होतं, तेच खातं जाहिरातीतल्या नंबरला जोडलेलं होतं.

बुधवारी

जाहिरात काढून नव्याने टाकली. या वेळी नंबर लपवला, मजकुरात ‘बघायला या, पैसे दारात’ एवढं वाढवलं. सातपूरहून एक जोडपं संध्याकाळी आलं. नवऱ्याने दाराच्या रबरात कागदाचा तुकडा अडकवून ओढून बघितला, बायकोने बर्फाचा कप्पा उघडून वास घेतला. ९,५०० पासून सुरुवात करून १०,२०० वर ठरलं. बाईंनी आपला क्यूआर समोर धरला, त्यांनी स्कॅन केला. बाईंनी बँकेचं अॅप उघडून शिल्लक बघितली, पाठवणाऱ्याचं नाव वाचून मोठ्याने विचारलं, ‘हे तुम्हीच ना?’ पावतीवर दोघांनी सह्या केल्या.

टेम्पोवाला फ्रिज आडवा ठेवायला निघाला होता. बाईंनी त्याला थांबवलं: उभाच बांधा हो, कंप्रेसरचं तेल वर चढतं. आणि घरी पोचल्यावर चार तास तरी प्लग लावू नका.